डेव्हिडला कोणता रंग आवडतो? अमेरिकेतली जुनी टीन मासिकं कशी चालायची

25 सप्टेंबर 1970, शुक्रवार. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'द पार्ट्रिज फॅमिली' ही मालिका सुरू झाली. एक विधवा आई, तिची पाच मुलं, सगळे मिळून गाणी म्हणतात आणि रंगीबेरंगी बसमधून गावोगाव कार्यक्रम करत फिरतात, एवढीच गोष्ट. थोरल्या मुलाचं, कीथचं काम डेव्हिड कॅसिडीने केलं होतं. मालिकेतला कीथ सोळा वर्षांचा, डेव्हिड स्वतः वीस वर्षांचा. नोव्हेंबर संपायच्या आत मालिकेतलं एक गाणं अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि शाळकरी मुलींना डेव्हिडशिवाय दुसरं काही सुचेना.

आता त्यांच्यातल्या एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीची अडचण बघा. मालिका आठवड्यातून एकदा, अर्धा तास, त्यातही मध्ये मध्ये जाहिराती. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर यायला अजून बरीच वर्षं होती, त्यामुळे एखादा भाग हुकला तर तो पुन्हा लागेपर्यंत थांबायचं. बहुतेक घरांत टीव्ही एकच, आणि तो कधी काय लावायचा ते वडील ठरवणार. उरलेला आठवडा डेव्हिड कुठे भेटणार? तो भेटायचा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या मासिकांच्या रॅकवर. '16', 'टायगर बीट', 'फेव्ह', 'फ्लिप' अशी 'टीन', म्हणजे किशोरवयीन मुलींसाठीची, मासिकं तिथे ओळीने लावलेली असत. 1960च्या दशकात अंक साधारण 35 सेंटला मिळायचा, म्हणजे खाऊच्या पैशांत बसायचा. अंकातला फोटो कापता यायचा, भिंतीवर लावता यायचा, उशीखाली ठेवता यायचा. पडद्यावरचा माणूस हातात धरता येण्याचा त्या काळात हा एवढाच मार्ग होता.

या मासिकांना 'थिल्लर' म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, आणि अमेरिकेतही कित्येक वर्षं तेच झालं. पण टीव्हीचा तारा कसा तयार होतो, त्यातून कमाई कोणाची होते आणि चाहती नेमकं काय शोधत असते, हे या स्वस्त कागदावरच्या अंकांतून जितकं कळतं तितकं क्वचितच दुसरीकडे कळतं. माझ्या मते या सगळ्या व्यवहाराची किल्ली एकाच ठिकाणी आहे: वाचक मुलींच्या पत्रांत.

आधी एक आकडा बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मदर झपाट्याने वाढला. 1957 हे त्यातलं शिखराचं वर्ष. त्या एका वर्षात तिथे सुमारे 43 लाख बाळं जन्मली. त्यातल्या मुली 1970 साली तेरा वर्षांच्या झाल्या, म्हणजे 'पार्ट्रिज फॅमिली' सुरू झाली नेमक्या तेव्हा. घरात टीव्ही, हातात थोडे पैसे, आणि देशभरात मोठ्या वाहिन्या फक्त तीन: एबीसी, सीबीएस, एनबीसी. एखादा मुलगा यातल्या एका वाहिनीवर झळकला की दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या मैत्रिणींनी त्याला पाहिलेलं असे.

योगायोग असा की '16' मासिकही 1957 सालीच सुरू झालं. पहिल्या अंकाचा तारा होता एल्विस प्रेस्ली. मासिक काढणारे जाक शांब्रां हे न्यूयॉर्कमधले साहित्यिक एजंट. पण '16' खऱ्या अर्थाने घडवलं ते ग्लोरिया स्टेव्हर्स या बाईंनी. त्या नॉर्थ कॅरोलायनातून न्यूयॉर्कला आलेल्या, आधी मॉडेलिंग केलेल्या. पत्रकारितेचं शिक्षण नव्हतं. मासिकात त्यांना काम मिळालं ते वर्गणी आणि टपाल हाताळण्याचं. आलेली पत्रं त्या मन लावून वाचू लागल्या आणि त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मोठ्यांची सिनेमासिकं ताऱ्यांचे घटस्फोट, भांडणं, करार यांच्या बातम्या देत होती. या मुलींना त्यातलं काहीच नको होतं. त्या विचारत होत्या: त्याला कोणता रंग आवडतो? सकाळी न्याहारीला तो काय खातो? त्याच्याकडे कुत्रा आहे का? माझ्यासारखी लाजाळू मुलगी त्याला आवडेल का?

1958मध्ये स्टेव्हर्स संपादिका झाल्या आणि त्यांनी हेच प्रश्न मासिकाच्या केंद्रस्थानी आणले. ताऱ्याला चाळीस 'खासगी' प्रश्न विचारायचे हे सदर '16'ची ओळखच बनलं. नाव खासगी, पण उत्तरं अगदी साधी: उंची, डोळ्यांचा रंग, आवडतं आइस्क्रीम, भीती कशाची वाटते. मोठ्या माणसाला यात वाचण्यासारखं काय आहे असं वाटेल. मुलीसाठी मात्र हा तपशील फार मोलाचा होता, कारण त्यातून ती मनातल्या मनात त्या मुलासोबत एक आख्खा दिवस घालवू शकत होती. त्याला निळा रंग आवडतो, माझा स्वेटर निळा आहे. तो बारीकसा धागा तिला पुरे होता.

स्टेव्हर्स बाई फोटोही स्वतः काढत आणि त्यांचा दबदबा मोठा होता. त्यांनी एखाद्याला पानं दिली की त्याचं नशीब फळफळायचं, म्हणून रेकॉर्ड कंपन्यांची आणि वाहिन्यांची माणसं त्यांच्या मागे असत. पण कोणाला किती पानं द्यायची याचा कौल त्या टपालाच्या पिशवीतून घेत. ज्याच्या नावाची पत्रं वाढली, त्याचा चेहरा पुढच्या मुखपृष्ठावर मोठा झाला. पत्रं आटली की तो कोपऱ्यात गेला आणि दोनचार अंकांनी दिसेनासा झाला. त्या काळात प्रेक्षकांची नाडी इतक्या झटपट दुसरं कोणी पाहत असेल असं मला वाटत नाही.

आता प्रतिस्पर्धी. चार्ल्स लॉफर हे कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मुलांना आवडीने वाचावंसं वाटेल असं काही नाही, हे त्यांना वर्गात दिसत होतं. 1955मध्ये त्यांनी एक छोटं मासिक काढलं, त्याचं पुढे 'टीन' झालं. मग 1965च्या सप्टेंबरमध्ये 'टायगर बीट' आलं. सुरुवातीला मासिकाच्या नावात लॉइड थॅक्स्टन या टीव्ही सूत्रसंचालकाचं नावही जोडलेलं होतं. '16' न्यूयॉर्कचं, 'टायगर बीट' लॉस एंजेलिसच्या बाजूचं. हॉलिवूडचे स्टुडिओ हाकेच्या अंतरावर असल्याचा लॉफर यांना पुरेपूर फायदा झाला.

तो फायदा कसा, हे 'द मंकीज' या गाणाऱ्या चौकडीवरच्या मालिकेच्या उदाहरणातून स्पष्ट होतं. 1965मध्ये हॉलिवूडच्या चित्रपट-व्यवसायाला वाहिलेल्या वृत्तपत्रांत जाहिरात आली की एका नव्या मालिकेसाठी चार तरुण हवेत. शेवटी चौघे निवडले गेले: डेव्ही जोन्स, मिकी डोलेन्झ, पीटर टॉर्क आणि मायकेल नेस्मिथ. 12 सप्टेंबर 1966ला एनबीसीवर मालिका सुरू झाली. निर्मिती स्क्रीन जेम्सची, म्हणजे कोलंबिया पिक्चर्सच्या टीव्ही शाखेची. रेकॉर्ड निघत कोलजेम्स या लेबलवर, त्यातही कोलंबियाचा वाटा. आणि मंकीजवरचं अधिकृत मासिक काढायचे हक्क मिळाले लॉफर यांना.

ही साखळी नीट समजून घेतली तर बाकीचं सगळं आपोआप कळतं. मालिका मुलाचा चेहरा घराघरांत नेते. रेकॉर्ड कंपनी त्याचा आवाज विकते. मासिक त्याचं 'खासगी आयुष्य' विकतं. मुलगी मासिक वाचून मालिका न चुकता बघते, मालिका बघून रेकॉर्ड घेते, रेकॉर्डच्या वेष्टनावरचा फोटो बघून पुन्हा मासिकाकडे येते. स्टुडिओला मासिकातून फुकट प्रसिद्धी मिळते, मासिकाला सेटवर जायला आणि फोटो काढायला मोकळीक मिळते. अंकात मोठ्या बाहेरच्या जाहिराती फारशा नसत, कमाई मुख्यतः अंकाच्या विक्रीवर आणि टपालाने विकायच्या वस्तूंवर. मागच्या पानांवर कूपन असे: ते कापा, पैसे पाकिटात घाला, पोस्टर, स्टिकर, फोटोंचा संच घरपोच मागवा. 'हिअर कम द ब्राइड्स' या मालिकेतला बॉबी शर्मनही स्क्रीन जेम्सचाच आणि डेव्हिड कॅसिडीही स्क्रीन जेम्सचाच. एक गाडी उताराला लागली की त्याच रुळांवर पुढची आणून लावायची, असा हा कारखाना होता.

एखादा जुना अंक समोर धरला तर आधी मुखपृष्ठच अंगावर येतं. आठ-दहा डोकी फोटोंतून कापून, एकमेकांना खेटून चिकटवलेली. गुलाबी, पिवळा, निळा रंग. प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह. ताऱ्याचा उल्लेख फक्त पहिल्या नावाने: डेव्ही, बॉबी, डेव्हिड, डॉनी. आडनाव लावलं की अंतर पडतं. आत ताऱ्याचे लहानपणीचे फोटो, त्याच्या आईने सांगितलेल्या आठवणी, त्याच्यासोबत एक दिवस घालवण्याची बक्षीस स्पर्धा, 'तू त्याला शोभशील का' असली प्रश्नावली. आणि मधोमध पिन-अप, म्हणजे भिंतीवर लावायचा मोठा फोटो, ज्याच्या पोटात हमखास पिना टोचलेल्या. मुली त्या नखाने हळूच सरळ करून पान न फाडता सोडवत. अनेक लेख थेट ताऱ्याच्या नावावर, 'मी'ने सुरू होणारे. ते बहुधा संपादकीय टेबलावर लिहिले जात. तारा कॅमेऱ्यासमोर उभा असायचा, आणि त्याचं हळवं मन कुणीतरी टाइपरायटरवर बडवत असायचं.

छापून काय यायचं नाही, ते याहून महत्त्वाचं. सिगारेट नाही, दारू नाही, मैत्रीण शक्यतो नाही, बायको तर नाहीच. तारा कायम मोकळा, एकटा आणि योग्य मुलीच्या शोधात. डेव्ही जोन्सने लग्न केलं होतं, मूलही झालं होतं, पण 1969पर्यंत ते चाहत्यांपासून दडवून ठेवलं गेलं. बातमी फुटली तेव्हा मुलींना फसवलं गेल्यासारखं वाटलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तो उपलब्ध आहे हेच तर त्यांना महिन्यामागून महिने विकलं गेलं होतं.

ताऱ्यालाही याची किंमत मोजावी लागली. डेव्हिड कॅसिडीच्या नावावर आणि चेहऱ्यावर जेवणाचे डबे, पत्ते, चित्रकथा, रंगवायची पुस्तकं असं काय काय विकलं गेलं, पण सुरुवातीच्या करारात त्याच्या वाट्याला फार थोडं आलं. पुढे त्याच्या व्यवस्थापिकेने करारातली फट शोधून अटी बदलून घेतल्या. मार्च 1972मध्ये त्याने न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन तुडुंब भरवलं. त्याच वर्षी मे महिन्यात 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर अ‍ॅनी लिबोविट्झने काढलेला त्याचा उघड्या अंगाचा फोटो आला. सोबतच्या मुलाखतीत टीन मासिकांनी जे जे झाकलं होतं ते बाहेर आलं. हा काही बेताल मुलाचा वाह्यातपणा नव्हता. जिमी हेंड्रिक्स आणि बी. बी. किंगचं संगीत मनापासून आवडणारा बावीस वर्षांचा तरुण कीथच्या कातडीतून बाहेर पडायची धडपड करत होता. दोन वर्षांनी, मे 1974मध्ये, लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियममधल्या त्याच्या कार्यक्रमात चेंगराचेंगरी झाली. त्यात जखमी झालेली चौदा वर्षांची मुलगी चार दिवसांनी वारली. कॅसिडीच्या मनातून ते कधी गेलं नाही.

पण सगळाच हिशोब काळा नाही, आणि इथे पुन्हा पत्रांकडे यावं लागतं. या मुलींची आवड कारखान्याच्या साच्यात दर वेळी बसत नसे. 'डार्क शॅडोज' ही एबीसीवरची दुपारची मालिका घ्या. एप्रिल 1967मध्ये तिच्यात बार्नाबस कॉलिन्स हा रक्तपिपासू आला. काम करणारे जोनाथन फ्रिड कॅनडाचे, रंगभूमीवरचे, वय 42. चेहरा देखणा म्हणावा असा नाही, भूमिकाही थोड्या आठवड्यांपुरतीच ठरलेली. पण शाळा सुटली की मुलं धावत घरी येऊन मालिका लावू लागली, पत्रांचा ढीग लागला, आणि '16'च्या पानांवर कोवळ्या गायक पोरांच्या शेजारी सुळेवाले फ्रिडसाहेब विराजमान झाले. कुठल्या स्टुडिओने हे योजलं नव्हतं.

आणि मला सर्वांत मोलाचं वाटणारं पान 'फेव्ह' मासिकातलं, 1968चं. एका मुलीने 'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेतल्या मिस्टर स्पॉकला पत्र लिहिलं होतं. तिची आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. दोन्हीकडची मुलं तिला आपली मानत नव्हती. स्पॉकही अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन, म्हणजे परग्रहावरचा, म्हणून तिने त्याच्याकडे मन मोकळं केलं. स्पॉकचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉयने तिला मासिकात सविस्तर उत्तर दिलं. लहानपणी स्पॉकलाही दोन्ही बाजूंनी कसं नाकारलं गेलं, हे त्याने पात्राच्या आयुष्यातून सांगितलं. चारचौघांत लोकप्रिय होण्यासाठी स्वतःला मोडायचं, की आपल्या आत जे खरं आहे ते जपून वाढवायचं, हे तिच्यापुढे ठेवलं. काळ लक्षात घ्या: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवर्णीय विवाहांवरची बंदी जेमतेम वर्षभरापूर्वी, 1967मध्ये उठवली होती. तिच्या घरातली गोष्ट बोलायला त्या मुलीला जागा सापडली ती '35 सेंटच्या थिल्लर' मासिकात.

वर्णाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं, की ही मुखपृष्ठं जवळजवळ सगळी गोरी असत. जॅक्सन फाइव्ह या कृष्णवर्णीय भावांच्या बँडच्या यशानंतर लॉफर यांच्याच कंपनीने 1971मध्ये कृष्णवर्णीय वाचकांसाठी 'राइट ऑन!' हे वेगळं मासिक काढलं. ते चांगलं चाललं. पण वेगळं काढावं लागलं, यातच सगळं आलं.

या गोऱ्या चेहऱ्यांच्या गर्दीत एक मुंबईचा मुलगा होता, हे आपल्याकडे आज फार थोड्यांना आठवतं. साजिद खान. 'मदर इंडिया'तला छोटा बिरजू. मेहबूब खान यांनी त्याला मुलगा मानून वाढवलं. 'सन ऑफ इंडिया'मधलं, पंधरा ऑगस्टला शाळाशाळांतून वाजणारं बालसैनिकाचं गाणं चित्रित झालं ते त्याच्यावर. 1966मध्ये तो 'माया' या अमेरिकी चित्रपटात आला आणि त्यावरून एनबीसीने त्याच नावाची मालिका केली. चित्रीकरण भारतात, सोबत जे नॉर्थ हा अमेरिकी मुलगा आणि एक हत्ती. मालिका सप्टेंबर 1967 ते फेब्रुवारी 1968 एवढीच, 18 भाग चालली. पण साजिदची पत्रं मालिकेपेक्षा जास्त टिकली. मालिका बंद पडल्यावरही '16' आणि 'टायगर बीट'मध्ये त्याचे पिन-अप येत राहिले, आणि मंकीजच्याच कोलजेम्सने त्याची 'साजिद' ही गाण्यांची रेकॉर्ड काढली. मासिकांनी त्याला दूरदेशीचा गूढ मुलगा म्हणून सजवलं, यात शंका नाही. तरीही सोळा-सतरा वर्षांच्या भारतीय मुलाचा फोटो ओहायो-टेक्सासमधल्या मुलींच्या खोलीत लागला, ही 1968 सालची घटना मला साधी वाटत नाही. पुढे तो फिलिपिन्समध्ये चित्रपट करून आला, हिंदीत 'सवेरा'सारख्या चित्रपटांतून झळकला, मग दागिन्यांच्या व्यवसायात शिरला. डिसेंबर 2023मध्ये केरळमध्ये त्याचं निधन झालं. आपल्याकडे त्याच्यावर जे थोडंफार आलं, त्यात बिरजू होता, टीन मासिकांचा उल्लेख ओझरता.

नंतरचा भाग थोडक्यात. ग्लोरिया स्टेव्हर्स 1975मध्ये '16'मधून बाहेर पडल्या आणि 1983मध्ये गेल्या. 1977मध्ये डेव्हिडचा सावत्र भाऊ शॉन कॅसिडी 'हार्डी बॉइज' मालिकेतून आला आणि तीच गाडी पुन्हा धावली. 1978मध्ये लॉफर यांनी कंपनी हार्लेक्विन या प्रणयकादंबऱ्यांच्या प्रकाशनाला विकली. 1980च्या दशकात स्कॉट बायो, कर्क कॅमेरॉन, '21 जंप स्ट्रीट'मधला जॉनी डेप अशी मंडळी मुखपृष्ठांवर आली. पण तोवर व्हिडिओ रेकॉर्डर घरात होता आणि एमटीव्ही दिवसभर चालू होता. आठवडाभर वाट पाहायची गरज संपली, तशी मासिकांची पकड सैल झाली. '16' 2001पर्यंत तग धरून होतं.

आज हे अंक संग्राहकांकडे आणि इंटरनेटवर स्कॅन करून ठेवलेले सापडतात. वाचायला घेतले तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. मुखपृष्ठावरचा महिना फसवा असतो: मेचा अंक त्याआधीच स्टॉलवर आलेला असतो आणि मजकूर आणखी आधी तयार झालेला असतो. त्यामुळे अंकात जोरात चाललेली मालिका प्रत्यक्षात बंदही झालेली असू शकते. ताऱ्याच्या नावावरचं 'मी' गंभीरपणे घेऊ नका. सेटवरचे फोटो मात्र जपून बघा. मागे दिसणारा कॅमेरा, मेकअपची खुर्ची, भिंतीवरची वेळापत्रकं हा खरा ऐवज आहे, कारण स्टुडिओच्या अधिकृत छायाचित्रांत तो सापडत नाही. मागच्या पानांवरची कूपनं बघा: कोणाच्या नावाच्या किती वस्तू विकायला ठेवल्यात, यावरून त्या महिन्यात कोण चढतीला होतं ते कळतं. आणि वाचकांच्या पत्रांचं पान सावकाश वाचा. मुली तिथे डेव्हिडबद्दल विचारता विचारता स्वतःबद्दल सांगू लागतात: शाळा बदलली, मैत्रीण बोलत नाही, वडील घर सोडून गेले, दातांना तार लावली. संपादिका त्यांना नावाने उत्तर देते, आणि त्या उत्तरांत क्वचितच कुठे उद्गारचिन्ह असतं.